कोमट पाणी आणि पंधराची नळी : रेडिंगमधल्या एका बॉयलरचं प्रकरण

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं डिसेंबरात रेडिंगला येऊन पोचलो. शहाणे आईवडील इंग्लंडला मे महिन्यात जातात, पण बाळ काही आमच्या सोयीने येणार नव्हतं. हिने बाळाची आंघोळ स्वतःकडे घेतली आणि पहिल्याच दिवशी बाथरूममधून आवाज आला, "अहो, हे गरम पाणी नाही, कोमट आहे. नळ पूर्ण सोडला की आणखीच निवतं."

जावयांनी बाळाच्या टबात ठेवायचा प्लास्टिकचा थर्मामीटर बुडवला. ३७ अंश. इथली नर्स बाळाला बरोबर तेवढंच पाणी सांगून गेली होती, त्यामुळे तक्रार तिथल्या तिथे निकालात निघाली. आजीला सगळं कडकडीत लागतं, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. बाळंतिणीच्या आंघोळीला मात्र ३७ अंश पुरत नाहीत. ती शॉवर अर्धाच सोडून भागवत होती आणि गेल्या हिवाळ्यापासून हे असंच आहे, असं तिने सहज सांगितलं. घर तापवणारा आणि नळाला गरम पाणी देणारा गॅसचा बॉयलर तर नवा, मागच्याच वर्षी बसवलेला.

संक्रांतीला प्रकरण चिघळलं. चार मित्र-कुटुंबं जेवायला होती. हॉबचे, म्हणजे इथल्या गॅसच्या शेगडीचे, चारही बर्नर पेटलेले, एकीकडे गुळपोळ्या चालू, आणि वर कोणीतरी शॉवर सोडला. बॉयलरने खाटकन आवाज केला, बंद पडला आणि पडद्यावर बिघाडाचा कोड दाखवू लागला. बटण दाबून पुन्हा सुरू केला तर चालला. अर्ध्या तासाने परत तेच.

माझी नोकरीची वर्षं रासायनिक कारखान्यांच्या पाइपिंगमध्ये गेली. वाफ, नायट्रोजन, अमोनिया, सगळ्यांच्या नळ्यांचे हिशेब केले. घरगुती गॅसच्या नळीकडे मात्र कधी लक्ष गेलं नव्हतं, कारण पुण्याच्या घरी त्याची गरजच पडली नाही. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. त्याचाही दाब इथल्यासारखाच २१ मिलिबार. पण त्यावर चालते काय, तर एक शेगडी. दोन बर्नर भडकून पेटले तरी तासाला अर्धा घनमीटरही लागत नाही. बोटाएवढ्या जाडीची नळी त्याला आयुष्यभर पुरते. इथल्या बॉयलरची भूक वेगळी असते आणि या प्रकरणाचं मूळ त्या भुकेत आहे.

जुनं घर, नवा बॉयलर

घर १९३० च्या दशकातलं. जोडघराचा एक अर्धा भाग, तीन खोल्या वर, खाली लाकडी तक्तपोशी आणि तिच्याखाली हातभर पोकळी. गॅसचा मीटर पुढच्या दाराजवळ, जिन्याखालच्या कपाटात. तिथून २२ मिलिमीटरची तांब्याची नळी जमिनीखालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते. तिथे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आहे. टीपासून एक फाटा हॉबला आणि दुसरा बॉयलरला, दोन्ही १५ मिलिमीटरचे.

आधीच्या मालकाच्या काळात स्वयंपाकघरातच जुन्या पद्धतीचा छोटा बॉयलर होता. तो रेडिएटर तापवायचा आणि माडीवरच्या कपाटातली तांब्याची टाकी हळूहळू गरम करायचा. टाकी तापायला तास लागला तरी बिघडत नसे, म्हणून बॉयलर लहान चाले. त्याला तासाला साधारण १.७ घनमीटर गॅस लागत असणार. लेकीने घर घेतल्यावर टाकी काढून तिथे कपड्यांचं कपाट केलं आणि कॉम्बी बॉयलर बसवून घेतला. कॉम्बीला टाकी नसते. नळ सोडला की थंड पाणी आत शिरतं आणि काही सेकंदांत गरम होऊन बाहेर पडतं. आपल्या गॅस गीझरसारखंच, फक्त घर तापवण्याचं कामही त्याच्याकडेच.

लोकांची फसगत इथे होते. इथल्या बहुतेक घरांत खोल्या तापवायला दहा-बारा किलोवॅट पुरतात. पण हिवाळ्यात नळाचं पाणी ६ अंशांवर आलेलं असतं. ते मिनिटाला बारा लिटरच्या धारेने ४१ अंशांपर्यंत न्यायचं तर ३० किलोवॅट लागतात. म्हणजे कॉम्बीची नळी ठरते ती आंघोळीवरून. लेकीचा कॉम्बी ३० किलोवॅटचा, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत जास्तीत जास्त गॅस छापला होता तासाला ३.२ घनमीटर. जुन्याच्या जवळजवळ दुप्पट.

शिवाय जागा बदलली. स्वयंपाकघर मोकळं दिसावं म्हणून कॉम्बी मागच्या वाढीव खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राच्या वर गेला. जुन्या बॉयलरपर्यंत आलेली १५ ची नळी बसवणाऱ्याने तशीच पुढे वाढवली. टीपासून जुन्या बॉयलरपर्यंत २ मीटर होते, ते आता ८ मीटर झाले, मध्ये पाच एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. काम सफाईदार होतं, एक डाग वाकडा नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोष दिसणं शक्यच नव्हतं.

संशयित तीन

कोमट पाण्याची कारणं अनेक असतात, आणि पहिल्या दिवशी मी गॅसच्या नळीवर पैज लावली नसती. हिवाळ्यातलं थंड पाणी हे एक सरळ कारण. एक दुरुस्तीवाला वर्षभरापूर्वी येऊन तेच सांगून गेला होता. दुसरा संशय क्षारांवर. थेम्सच्या खोऱ्यातलं पाणी जड, किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. तोच थर बॉयलरच्या आतल्या हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, बॉयलरला वाटतं आपण पुरेसे तापलो, आणि तो स्वतःच ज्योत कमी करतो. तिसरा संशय गॅसवर.

मी आधी बादली घेतली. टबाचा नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली भरायला ४९ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १२.२ लिटर. थंड पाणी ६ अंश, गरम ३७. फरक ३१. यातून निघतात साडेसव्वीस किलोवॅटच्या आसपास. तीसचा बॉयलर साडेसव्वीस देतोय. म्हणजे थंडीचं कारण पुरेसं नव्हतं. थंडी पाण्याचं तापमान खाली आणेल, बॉयलरची ताकद कशी कमी करेल?

मग जिन्याखाली जाऊन मीटर वाचला. मीटर नुसता वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. हॉब बंद, हीटिंग बंद, फक्त टबाचा नळ चालू. दोन मिनिटांत मीटर ०.०९५ घनमीटर पुढे सरकला. तीसने गुणलं की तासाचा आकडा येतो: २.८५. पुस्तिका म्हणते ३.२. दहा-अकरा टक्के तूट, आणि बादलीनेही साधारण तेवढीच दाखवली होती.

दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की कारखान्यातला माणूस खूश होतो. पण यातून गुन्हेगार सापडत नाही, हे मला कबूल करायला हवं होतं. बॉयलर कमी गॅस घेतोय एवढंच कळलं. तो स्वतःहून कमी घेतोय, की त्याला मिळतच नाही? क्षारांनी अडलेला बॉयलरही नेमका असाच कमी गॅस घेतो. गॅसकडे बोट दाखवणारी एकच गोष्ट होती, संक्रांतीचा तो प्रसंग. हॉब पेटल्यावर बॉयलर बंद पडतो याचा क्षारांशी काही संबंध लागत नव्हता.

निवाडा करणारं मोजमाप मला करता येणार नव्हतं. त्यासाठी बॉयलरचं झाकण उघडून दाबाच्या टोकाला मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक, लावावा लागतो, आणि ते काम इथे गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्यानेच करायचं. हे रजिस्टर २००९ पासूनचं, त्याआधी कॉर्गी होतं. जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला तर येतंच की सगळं." येत असलं तरी परक्या घरात, परक्या नियमांत, तान्हं बाळ झोपलेलं असताना गॅसच्या स्क्रूला हात लावणारा माणूस मी नव्हे.

मॅनोमीटर काय म्हणाला

रजिस्टरवरची एक तरुण इंजिनिअर आली. माझे आकडे तिने शांतपणे ऐकले, कागद खिशात ठेवला आणि स्वतः पहिल्यापासून मोजायला घेतलं. मला हे आवडलं.

सगळं बंद असताना बॉयलरपाशी दाब २२.४ मिलिबार. उत्तम. मग तिने टबाचा नळ, स्वयंपाकघरातला नळ आणि हॉबचे चारही बर्नर पूर्ण सोडायला सांगितले. मीटरपाशी दाब २०.८ वर स्थिरावला. मीटरच्या तोंडाशी चालू प्रवाहात २१ च्या आगेमागे दोन मिलिबार हवा असतो, म्हणजे कंपनीकडून येणारा पुरवठा ठीक. बॉयलरपाशी मात्र काटा १६.८ वर आला.

वाटेत चार मिलिबार गेले. घरातल्या गॅसच्या नळ्यांसाठीच्या ब्रिटिश स्टँडर्ड ६८९१ मध्ये मुभा आहे एका मिलिबारची.

मिलिबार हा आकडा फारच छोटा वाटतो, म्हणून त्याचं पाणी करून सांगतो. एक मिलिबार म्हणजे एक सेंटिमीटर उंच पाणी. करंगळीच्या नखाएवढं. मीटरपासून बॉयलरपर्यंत जाताना गॅसने फक्त नखाएवढा दाब खर्च करावा, अशी ती अट आहे. घरगुती गॅस मुळातच इतक्या कमी दाबावर चालतो की चार सेंटिमीटर पाणी म्हणजे त्याच्या एकूण दाबाचा पाचवा हिस्सा.

दाब मोजायचं बॉयलरच्या आतलं टोक त्याच्या स्वतःच्या कॉकनंतर असतं, त्यामुळे त्या चारांत थोडा वाटा कॉकचाही धरावा लागतो. तो वजा केला तरी एकाच्या जवळ आपण येत नाही, असं ती म्हणाली. क्षारांचा संशयही तिथेच गळाला. एक्स्चेंजर तुंबला असता तर बॉयलरने गॅस कमी मागितला असता आणि नळीतला दाब उलट चढा राहिला असता.

मग तिने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. बॉयलर बसवणाऱ्याने तिथे बेंचमार्क नावाचा तक्ता भरायचा असतो. गॅसच्या दाबाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं : २१. ती हसली नाही, पण भुवई वर गेली. एक तर तो आकडा सगळं बंद असताना घेतलेला, नाही तर घेतलाच नसलेला. सोसायटीत राहणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. सगळ्यांचे नळ बंद असताना चौथ्या मजल्यावरही पाण्याला जोर असतो. सकाळी सातला सगळे नळ सुटल्यावर बादली किती वेळात भरते, तो खरा दाब.

हिशेब

ती गाडीतून मोजपट्टी आणायला गेली तेवढ्यात मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. तांब्याच्या नळीसाठी इथले फिटर जो तक्ता वापरतात तो मला तिनेच दाखवला. एक मिलिबार दाब खर्च करून किती लांबीत किती घनमीटर गॅस तासाला जाईल, एवढंच तो सांगतो. आपल्या कामापुरता भाग असा :

| लांबी (मीटर) | १५ ची नळी | २२ ची नळी | २८ ची नळी |
|---|---|---|---|
| ३ | २.९ | ८.७ | १८ |
| ६ | १.९ | ५.८ | १२ |
| ९ | १.५ | ४.६ | ९.४ |
| १२ | १.३ | ३.९ | ८.० |
| १५ | १.१ | ३.४ | ७.० |
| २० | ०.९५ | २.९ | ५.९ |
| २५ | ०.९२ | २.५ | ५.२ |
| ३० | ०.८८ | २.३ | ४.७ |

लांबी मोजताना प्रत्येक एल्बो आणि टीबद्दल अर्धा मीटर जास्त धरायचा. नळीच गोलाईत वाकवली असेल तर त्या वळणाला ०.३ मीटर.

तक्त्याची पहिलीच ओळ बघा. १५ च्या नळीतून तीन मीटरवर २.९ जातात. लेकीच्या बॉयलरला हवेत ३.२. म्हणजे हा बॉयलर मीटरपासून तीन मीटरवर लावला असता तरी १५ च्या नळीने नियम मोडलाच असता.

१५ आणि २२ मधला फरक डोळ्यांना दीडपट दिसतो, गॅसला तो तिप्पट असतो. १५ च्या नळीचं आतलं भोक १३.६ मिलिमीटर, २२ च्या नळीचं २०.२. भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. पण अरुंद नळीत कडेशी घासत जाणाऱ्या वायूचा वाटा मोठा असतो, आणि तेवढाच गॅस तेवढ्याच लांबीतून नेताना व्यास कमी केला की दाबाची घट त्याच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. सात मिलिमीटर वाचवले म्हणजे थोडंसंच गेलं, असा हिशेब इथे चालत नाही.

आता तुकड्यातुकड्याने. मीटर ते टी : ६ मीटर नळी, तीन एल्बो, एक टी. धरायची लांबी ८ मीटर. हा तुकडा बॉयलर आणि हॉब दोघांचा भार वाहतो, ३.२ अधिक ०.७, एकूण ३.९. तक्त्यात २२ ची नळी ३.९ घनमीटर १२ मीटरपर्यंत एका मिलिबारमध्ये नेते. आपली लांबी ८, म्हणजे खर्च आठ भागिले बारा, ०.६७ मिलिबार.

टी ते बॉयलर : ८ मीटर नळी, पाच एल्बो, धरायची लांबी १०.५. भार ३.२. १५ च्या नळीने ३.२ एका मिलिबारमध्ये न्यायचे तर जेमतेम अडीच मीटर जमतील. तक्ता तीनपासून सुरू होतो, म्हणून हा आकडा मी पुढे ओढून काढला. साडेदहा भागिले अडीच, ४.२ मिलिबार.

एकूण ४.९. पण मॅनोमीटरने तर ४.० दाखवले होते. जावई म्हणाले, हिशेब चुकला. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. मग लक्षात आलं. ४.९ हा खर्च ३.२ घनमीटर वाहत असतील तर. बॉयलरला तेवढे मिळतच नव्हते, मीटरवर मी २.८५ मोजले होते. २.८५ घालून पुन्हा मांडलं तर दुसऱ्या तुकड्यात ३.४, पहिल्यात ०.६ च्या आतबाहेर. बेरीज चार. हे जुळल्यावर मी उठून चहा टाकला.

ही गोष्ट एरवी कोणी सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. उपाशी बॉयलरपाशी मोजलेली घट नेहमी खऱ्या घटीपेक्षा कमी दिसते, कारण तो पोटभर ओढतच नाही. कोणी दीड मिलिबार मोजून "थोडंच तर जास्त आहे" म्हणाला तर आधी विचारावं, त्या वेळी मीटरवर गॅस किती वाहत होता? पूर्ण की अर्धा?

जुन्या बॉयलरचाही हिशेब करून पाहिला, उत्सुकता म्हणून. मीटर ते टी भार २.४, खर्च ०.३. टी ते जुना बॉयलर २ मीटर आणि दोन एल्बो, धरून ३ मीटर, खर्च ०.४. एकूण ०.७. म्हणजे जुन्या फिटरने नळी अगदी बरोबर टाकली होती. तीच नळी, त्याच घरात, बॉयलर बदलला आणि सहा मीटर वाढवली की सात पट चुकीची.

आणि हॉब पेटल्यावर बॉयलर का पडायचा, तेही यातच होतं. आजकालचा बर्नर हवा आणि गॅस ठरलेल्या प्रमाणात मिसळून जाळतो. दाब खाली गेला की व्हॉल्व्हला ते प्रमाण धरून ठेवता येत नाही, मिश्रणात गॅस कमी पडतो, ज्योत डळमळते. ज्योत गेली असं संवेदकाला वाटलं की बॉयलर सुरक्षेसाठी स्वतःला बंद करतो. एरवी तो काठावर चालायचा. चार बर्नर पेटले की काठावरून पडायचा. दाब कमी म्हणजे नुसतं पाणी कोमट, एवढाच हा प्रश्न नसतो. ज्वलन बिघडण्याचाही असतो, म्हणून इंजिनिअरने धुराड्यातल्या वायूंची तपासणीही त्याच फेरीत केली आणि काम होईपर्यंत शॉवर आणि हॉब एकत्र चालवू नका असं बजावलं.

काय टाकायचं

माझ्या मनात उत्तर तयार होतं : १५ काढा, २२ टाका. लेकीच्या एका मित्राने फोनवर हेच सांगितलं होतं, कॉम्बीला बावीसची नळी लागते, संपलं. इंजिनिअर म्हणाली, मांडून बघा.

मांडलं. टी ते बॉयलर २२ ची नळी केली तर ३.२ साठी एका मिलिबारची लांबी सतरा मीटरच्या आसपास. साडेदहा भागिले सतरा, ०.६२. पहिल्या तुकड्याचे ०.६७ आहेतच. एकूण १.२९. नापास.

सगळे एल्बो काढून नळी वाकवली तर? पहिला तुकडा ७.४ मीटर, दुसरा ९.५. बेरीज १.१८. तरी नापास. बावीसचा ठोकताळा या घरात हरला तो लांबीमुळे आणि हॉबच्या वाट्यामुळे. छोट्या फ्लॅटमध्ये, मीटर बॉयलरच्या खालीच असेल तर तो जिंकेलही.

दुसरी वाट अशी की मीटरपासून बॉयलरसाठी स्वतंत्र २२ ची नळी बाहेरच्या भिंतीवरून न्यायची. १४ मीटर, पाच एल्बो, धरून साडेसोळा. खर्च ०.९७. कागदावर पास, पण मध्ये एखादा एल्बो वाढला तरी गेलं. शिवाय बाजूच्या बोळातून पिवळ्या पट्ट्यांची नळी दिसत राहणार, ते लेकीला नको होतं. मी असतो तर दिसण्याचा विचार केला नसता, पण ०.९७ चा केला असता.

तिसरी वाट इंजिनिअरने सुचवली आणि तीच ठरली. मीटर ते टी २८ ची नळी, तिथून पुढे २२. पहिला तुकडा ३.९ वाहतो. तक्ता २८ च्या नळीला ३० मीटरवर ४.७ देतो, म्हणजे आपण तिसाच्याही आत आहोत. तीसच धरले तरी आठ भागिले तीस, ०.२७. दुसरा ०.६२. एकूण ०.८९, हात राखून. सगळा गॅस जिथून जातो तो तुकडा आधी मोठा करायचा हे कारखान्यात मी पोरांना शिकवत असे. इथे मात्र माझी नजर बॉयलरच्या बाजूलाच अडकली होती, कारण तक्रार तिथून आली होती.

मीटर पुरेल का तेही पाहिलं. घरगुती मीटर तासाला ६ घनमीटरचा, आपल्याला हवेत ३.९. बॉयलर लहान, २४ किलोवॅटचा घ्यायचा हाही एक पर्याय बोलण्यात आला. पण वर्षभराचा नवा बॉयलर काढणं म्हणजे नळीच्या चुकीची शिक्षा बॉयलरला.

काम

काम दीड दिवसाचं झालं. खालची तक्तपोशी तीन ठिकाणी उचलली. जमिनीखाली पोकळी असल्याने २८ ची नळी तुळयांच्या खालून पकडींवर टांगता आली, तुळयांना खाचा पाडाव्या लागल्या नाहीत. घर सिमेंटच्या जमिनीचं असतं तर खर्चाचा आकडा वेगळा असता, आणि बाहेरच्या भिंतीची वाट परत विचारात घ्यावी लागली असती. मागच्या भिंतीतून जाताना नळीला बाहेरची संरक्षक नळी घातली. बॉयलरच्या कॉकपाशी शेवटची वीतभर १५ च ठेवली, कारण कॉकच तेवढ्याचा. तेवढ्या तुकड्याने एका मिलिबारचा दहावा भागही जात नाही, तो हिशेबात बसत होता. कॉक १५ चा आहे म्हणून मागची सगळी नळी १५ ची चालते, असं समजणारे फिटर मात्र दोन्ही देशांत भेटतात.

नळी जोडून झाल्यावर गळतीची चाचणी. दाब भरून एक मिनिट स्थिरावू दिला, पुढची दोन मिनिटं काट्याकडे बघत बसलो. हलला नाही. नळीतली हवा काढून हॉब पेटवला, मग बॉयलर.

सगळं पूर्ण सोडून पुन्हा मोजलं. मीटरपाशी २०.९, बॉयलरपाशी २०.०. फक्त टबाचा नळ सोडल्यावर दोन मिनिटांत ०.१०६ घनमीटर, म्हणजे तासाला ३.१८. इंजिनिअरने बेंचमार्कच्या पानावर जुन्या २१ च्या खाली तारीख घालून २०.० लिहिलं, आणि शेजारी "सर्व उपकरणं चालू" अशी नोंद केली. ही नोंद त्या रकान्यात छापलेलीच असायला हवी, असं माझं मत आहे.

खर्चाचा वाद वेगळा चालला. बॉयलर बसवणाऱ्या कंपनीला लेकीने सगळे आकडे पाठवले. पहिलं उत्तर आलं की बॉयलर चालतो आहे आणि दाब २१ नोंदलेला आहे. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बसवणाऱ्याने बॉयलर चालू ठेवून दाब किंवा गॅसचं प्रमाण तपासायचं असतं, हे तिने दुसऱ्या पत्रात लिहिलं. त्यानंतर अर्धी रक्कम परत आली. बाकी अर्ध्यासाठी भांडायला तान्हं बाळ घेऊन वेळ कोणाला होता.

टबाचा नळ आता पूर्ण सोडला की ४१ अंश येतात. बाळाच्या आंघोळीला त्यात थंड पाणी मिसळावं लागतं आणि ते किती मिसळायचं, हे थर्मामीटर बाजूला ठेवून आजी कोपराने ठरवते.